फॉरवर्डचा रावी कोण?

(विद्यार्थ्यांमध्ये काम करणाऱ्या तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय 'आजचा विद्यार्थी आणि प्रबोधन'. यातला दुसरा शब्द मी सध्या बाजूला ठेवते. तो डोक्यात घेऊन आपण शाळा-कॉलेजात शिरलो की बोलत सुटतो आणि समोरची पोरं बाकाखाली फोन उघडतात. मग बाहेर येऊन आपणच म्हणतो, आजकालच्या मुलांना वाचन नको, विचार नको, नुसते रील पाहिजेत. हे मी किती बैठकांत ऐकलंय त्याला गणती नाही. तुमच्यातले बरेच जण विशी-बाविशीचे आहात. चार वर्षांपूर्वी तुमच्याबद्दलही हेच बोललं जात होतं. निदान तुम्ही तरी हे वाक्य पुढं चालवू नका.

मुस्लिम विद्यार्थी म्हटलं की अजून लोकांच्या डोळ्यांसमोर मदरसा येतो. आपल्यातल्यांच्याही येतो. सच्चर समितीनं 2006 मध्ये सांगितलं होतं की शाळकरी वयातली जेमतेम 3 टक्के मुस्लिम मुलं मदरशात जातात. त्याच अहवालात याहून काळजीचा आकडा होता: 6 ते 14 वयाची 25 टक्के मुस्लिम मुलं एक तर शाळेत कधी गेलीच नव्हती किंवा मधेच गळाली होती. आणि आपण काय केलं? मदरशांवर परिसंवाद घेतले. मुलं होती नगरपालिकेच्या उर्दू शाळेत, झेडपीच्या मराठी शाळेत, नाही तर गॅरेजमध्ये आणि बेकरीत. आजही ती तिथंच आहेत, फक्त हातात फोन आहे, स्वतःचा किंवा थोरल्या भावाचा. शाळा सुटलेल्या पोरापर्यंत पोचायला दुसरा रस्ता आपल्याकडं फारसा उरलेला नाही.

त्या फोनमध्ये ही मुलं नुसती बघत बसत नाहीत, बनवतातही. 2020 च्या जूनअखेर टिकटॉक बंद झालं तेव्हा आपल्यातल्या शहाण्या लोकांनी सुटकेचा नि:श्वास टाकला. पण तालुक्याच्या गावातली, इंग्रजी न येणारी, घरात आरसासुद्धा धड नसलेली मुलं पहिल्यांदा स्वतःला दाखवत होती ती तिथं. ती मग दुसरीकडं गेली एवढंच. कुर्ल्याच्या नेझीनं 2014 मध्ये आयपॅडवर 'आफत'चा व्हिडिओ केला, त्यामागं ना कंपनी होती ना स्टुडिओ. पुण्याच्या ताडीवाला रोडचा एमसी स्टॅन 2023 मध्ये 'बिग बॉस' जिंकला. त्याची भाषा मला सगळी झेपत नाही, त्यातल्या शिव्या तर अजिबात नाही. पण वस्तीतला मुलगा त्याच्याकडं का बघतो हे समजायला फार अक्कल लागत नाही. आपल्या गल्लीचं नाव न लाजता घेणारं कुणी तरी त्याला दिसतं.

याच्याही आधी मालेगाव होतं. यंत्रमागाचं गाव, शुक्रवारी माग बंद, म्हणून शुक्रवार सिनेमाचा. शेख नासिर यांनी तिथल्याच माणसांना घेऊन, हाताशी असलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' केला. मग 'मालेगाव का सुपरमॅन' आला. त्यातला सुपरमॅन होता मागावर काम करणारा एक किरकोळ अंगाचा तरुण आणि त्याची लढाई होती तंबाखूशी. मला वाटतं, व्यसनमुक्तीवर आपण वाटलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा ती कल्पना पुढं होती. आपल्याच गावाची टिंगल करत गावाचं दुखणं सांगायचं, हे त्यांना कुणी शिबिरात शिकवलं नव्हतं. फैजा अहमद खान यांचा त्यांच्यावरचा माहितीपट आणि आता रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा सिनेमा, दोन्ही शक्य झालं तर मुलांबरोबर बसून बघा. नंतर भाषण करू नका. 'आपल्या मोहल्ल्याचा सुपरमॅन कशाशी लढेल?' एवढंच विचारा. एका उर्दू हायस्कुलात मी हा प्रश्न टाकला तेव्हा पहिलं उत्तर आलं, गटार. दुसरं, ट्यूशनवाले सर. तिसरं उत्तर एका मुलीनं चिठ्ठीवर लिहून दिलं, ते मी इथं सांगणार नाही. पण त्या एका चिठ्ठीमुळं पुढचे सहा महिने काय काम करायचं ते मला कळलं.

भाषेचंही तसंच. दखनी बोलणाऱ्या मुलाला उर्दूचे सर म्हणतात तुझी उर्दू बिघडलेली, मराठीच्या मॅडम म्हणतात तुझं मराठी अशुद्ध, आणि घरी अब्बा म्हणतात इंग्लिश बोल. म्हणजे तो बोलतो ती भाषा कुठंच चालत नाही. फक्त फोनवर चालते. विनोदी व्हिडिओत 'हौ', 'नक्को', 'कायकू' ऐकून तो खुलतो. त्याला सांगा की तुझा 'नक्को' मराठी 'नको'मधून आलाय, आणि तू 'मैंइच', 'येइच' म्हणतोस त्यातला शेवटचा 'च' अस्सल मराठी आहे. दिल्ली-लखनौच्या उर्दूत तो सापडणार नाही. इतकी शतकं तुझे पूर्वज या मातीत राहिले त्याचा पुरावा तुझ्या जिभेवर आहे. रत्नागिरी-रायगडात काम करणाऱ्यांनी हेच तिथल्या कोकणी मुसलमानांच्या बोलीबद्दल करावं. नानीला बोलतं करा, शब्द, म्हणी, लग्नाची गाणी फोनवर रेकॉर्ड करून घ्या. हे काम मुलांना आवडतं, आणि नानीला तर फारच.

आता मुख्य मुद्द्याकडं येते. मुलं फोनवर बनवतात त्यापेक्षा कितीतरी जास्त पुढं ढकलतात. आणि आपल्या समाजात एका फॉरवर्डची किंमत काय असू शकते ते तुम्हाला माहीत आहे. 2014 च्या जूनमध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून पुण्यात वातावरण पेटलं आणि हडपसरला नमाज पढून परतणारा एक तरुण मारला गेला. त्या मजकुराशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. 2023 च्या जूनमध्ये कोल्हापुरात काही पोरांनी ठेवलेल्या स्टेटसवरून बंद झाला, दगडफेक झाली, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावं लागलं. ताब्यात घेतलेल्यांत अल्पवयीन मुलंही होती. त्याच वर्षी सप्टेंबरात सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला पुन्हा एका पोस्टचं निमित्त झालं आणि पुन्हा एक तरुण जिवानिशी गेला. म्हणून हा विषय माझ्यासाठी 'डिजिटल साक्षरता' असल्या गुळगुळीत नावाचा नाही.

मग मुलांना सांगायचं काय? 'खात्री केल्याशिवाय पुढं पाठवू नका' हे सरकार सांगतं, पोलीस सांगतात, व्हॉट्सॲप स्वतः सांगतं. कुणी ऐकत नाही. मी वेगळ्या दारातून जाते.

आपल्या बहुतेक मुलांनी लहानपणी मोहल्ल्याच्या मक्तबमध्ये चार अक्षरं गिरवलेली असतात. 'रावी' हा शब्द त्यांनी ऐकलेला असतो. हदीस सांगताना ती कुणी कुणाकडून ऐकली याची साखळी सांगावी लागते, तिला इस्नाद म्हणतात. साखळीतला एक जरी माणूस खोटारडा निघाला, विसराळू निघाला किंवा कोण ते ठाऊकच नाही असा निघाला, तर रिवायत कमजोर ठरते. या रावींची चरित्रं तपासायचं 'अस्मा-उर-रिजाल' नावाचं अख्खं शास्त्र उभं राहिलं. इमाम बुखारी इसवी 870 मध्ये वारले, म्हणजे छापखान्याच्या कितीतरी आधी लोक 'तुला हे कुणी सांगितलं आणि त्याला कुणी?' असं विचारत गावोगाव हिंडत होते.

मी फळ्यावर तीन रकाने आखते: सहीह, जईफ, मौजू. खरं, कमजोर, रचलेलं. मग मुलांना त्यांच्याच फोनमधले तीन फॉरवर्ड काढायला लावते आणि विचारते, याचा रावी कोण? 'अस्लमनं पाठवलं.' अस्लमला कुणी? 'त्याच्या फुप्फीच्या ग्रुपवर आलं.' तिला? संपलं. साखळी बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या माणसापाशी तुटते. शेवटचा रावी निघतो 'एक ग्रुप'. पोरं हसायला लागतात आणि स्वतःच ओरडतात, मॅडम, जईफ! मग पुढची पायरी. फोटो असेल तर गुगल लेन्समध्ये टाकून तो आधी कुठं आणि कधी आला ते बघायचं. बातमी असेल तर त्या तारखेचं ते वर्तमानपत्र उघडायचं. सरकारी आदेश असेल तर त्यावर क्रमांक आणि तारीख आहे का ते पाहायचं. ऑल्ट न्यूजसारखी संकेतस्थळं 2017 पासून हेच करताहेत. त्यांनी कशावरून निष्कर्ष काढला ते वाचायला मुलांना लावायचं. नुसतं 'खोटं' असा शिक्का बघून थांबू द्यायचं नाही, नाही तर त्यांच्यासाठी तोही एक फॉरवर्डच होतो.

आपल्यातल्या काही ज्येष्ठ सहकाऱ्यांना ही पद्धत रुचत नाही. ते म्हणतात, आपण सत्यशोधनाची परंपरा सांगणारी माणसं, तुम्ही हदीसच्या शास्त्राचं काय कौतुक करता? माझं उत्तर असं आहे की मी मुलाला काहीही माना असं सांगत नाही. त्याच्या घरात ज्या गोष्टीला मान आहे तिथून मी सुरुवात करते. आणि एकदा 'रावी कोण' विचारायची सवय लागली की ती राजकीय फॉरवर्डपाशी थांबत नाही. तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा, त्यांना 'शेख अहमदचा वसीयतनामा' आठवत असेल. मदिन्याच्या शेख अहमदला स्वप्न पडलं, हे छापून वाटा, वाटलं तर बरकत, नाही वाटलं तर आफत. शंभराहून जास्त वर्षं हे पत्रक जगभर फिरलं. उलेमांनी ते बनावट असल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं, तरी लोक पदरचे पैसे घालून छापत राहिले. आज तोच मजकूर 'दहा जणांना पाठवा' म्हणून फोनवर येतो. एका नववीतल्या मुलीनं तो स्वतः फळ्यावर तिसऱ्या रकान्यात लिहिला. धर्माच्या नावावर येणाऱ्या मजकुराला ती मौजू म्हणाली, आणि ते तिनं आपल्या परंपरेच्या शब्दात म्हटलं. हे माझ्या कोणत्याही भाषणानं झालं नसतं.

आता थोडं आपल्या बाजूच्या फॉरवर्डबद्दल. शिवरायांच्या सैन्यात अमुक इतके टक्के मुसलमान होते अशा याद्या आपले कार्यकर्तेही बेधडक पाठवतात. आरमारातला दौलतखान, पत्रव्यवहार सांभाळणारा काझी हैदर ही नावं इतिहासात आहेत, त्यांच्यावर बोला. पण टक्केवारीचा रावी कोण? हेतू चांगला असला म्हणून जईफ गोष्ट सहीह होत नाही. मुलांना आपला हा दुटप्पीपणा लगेच कळतो.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण फातिमाबींचं. 9 जानेवारी 2022 ला गुगलनं फातिमा शेख यांच्यावर डूडल केलं. सगळ्यांच्या स्टेटसवर तो फोटो. मी मुलींच्या एका गटाला विचारलं, ही तारीख कुठून आली? त्या आठ दिवस शोधत होत्या. एका लेखातून दुसऱ्या लेखात, दुसऱ्यातून पुन्हा पहिल्यात. तारखेला त्या काळातल्या कागदाचा आधार त्यांना मिळाला नाही. मुली हिरमुसल्या. मग आम्ही ग्रंथालयात जाऊन डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेलं 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' उघडलं. 10 ऑक्टोबर 1856 चं सावित्रीबाईंचं जोतिबांना लिहिलेलं पत्र. सावित्रीबाई आजारपणामुळं माहेरी आलेल्या, आणि पत्रात ओझरता उल्लेख: आपल्या मागं फातिमेला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही. बस, इतकंच. पण वर्गात जी शांतता पसरली ती डूडलच्या वेळी नव्हती. एक मुलगी म्हणाली, म्हणजे मॅडम, सगळा भार तिच्यावर होता. पुढं 2025 च्या जानेवारीत समाजमाध्यमावर एका नामवंत लेखकानं जाहीर केलं की फातिमा शेख हे आपण रचलेलं पात्र आहे. देशभर गोंधळ उडाला. या मुली गोंधळल्या नाहीत. त्यांनी पत्राच्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं की जन्मतारीख आम्हाला सापडलेली नाही, फातिमा सापडली आहे. मला वाटतं, एवढ्या वादात इतकं नेमकं फार थोड्यांनी लिहिलं.

पण प्रत्येक वेळी प्रश्न माहितीचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. औरंगजेबाचं स्टेटस ठेवणाऱ्या पोराला औरंगजेबाचं काहीही ठाऊक नसतं, आणि त्याला ते जाणूनही घ्यायचं नसतं. त्याला वर्गात कुणी तरी 'औरंग्याची औलाद' म्हटलेलं असतं. स्टेटस हे त्याचं उत्तर असतं, आणि अत्यंत महागडं उत्तर असतं. अशा मुलाला इतिहास सांगत बसू नका. आधी विचारा, कोण काय बोललं? ते पूर्ण ऐकून घ्या. मग कायदा सांगा, घाबरवायला नव्हे, हिशोब कळावा म्हणून. भारतीय न्याय संहितेचं 196 कलम काय, 299 काय, गुन्हा दाखल झाला की पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत आणि पासपोर्टच्या वेळी काय होतं. आणि मग त्याच्या रागाला वाट द्या. त्याला श्रीगोंद्याच्या शेख महंमदांबद्दल सांगा, ज्यांचा 'योगसंग्राम' मराठीत आहे आणि ज्यांना वारकरी आपले संत मानतात. बार्शीच्या अमर शेखांचा आवाज ऐकवा, ज्यांनी संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात सभा गाजवल्या. शाहिरी आणि रॅप यांत मुलांना फार अंतर वाटत नाही, हा माझा अनुभव. स्टेटस ठेवणाऱ्या अशाच एका पोरानं पुढं दीड मिनिटाचं रॅप लिहिलं, वर्गात टोमणे मारणाऱ्या मुलावर. त्यात औरंगजेब नव्हता. शाळेचा बाक होता, डब्यातलं ऑम्लेट होतं आणि आडनाव विचारून बदललेली नजर होती. टोमणा मारणाऱ्या मुलानं ते ऐकलं. दोघं दोस्त झाले असं काही मी सांगणार नाही, पण टोमणा बंद झाला.

मुलींबद्दल वेगळं बोलावं लागेल, कारण मुलींच्या हातातला फोन हा घराघरात वेगळा विषय आहे. बहुतेकींचा स्वतःचा नसतो. असला तरी डीपीला गुलाबाचं फूल. आपण त्याला मागासलेपण म्हणून मोकळे होतो. पण 2021 च्या जुलैत 'सुल्ली डील्स' आणि 1 जानेवारी 2022 ला 'बुल्ली बाई' या ॲपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो लिलावाला लावले गेले. त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. बोलणाऱ्या बायकाच निवडून घेतल्या होत्या. दुसऱ्या प्रकरणात मुंबई पोलिसांनी ज्यांना पकडलं ती विशीच्या आसपासची मुलं होती. म्हणजे मी ज्या वयाच्या मुलांना हातात साधन द्या म्हणतेय त्याच वयाची, साधन उत्तम येणारी. हे मी लपवणार नाही. नुसतं तंत्र शिकवून भागत नाही.

म्हणून मुलीला 'चेहरा दाखव, घाबरू नको' असं सांगायचा अधिकार आपल्याला नाही. आवाज पुरतो, हात पुरतात, लिहिणं पुरतं. विकिपीडियावर टोपणनावानं लिहिता येतं. मराठी विकिपीडिया 2003 पासून आहे आणि आपल्या लेखकांवर, दर्ग्यांवर, बोलींवर तिथं भरपूर लिहायचं बाकी आहे. तिथं प्रत्येक वाक्याला संदर्भ द्यावा लागतो, म्हणजे पुन्हा रावी आलाच. 18 एप्रिल 1966 ला हमीद दलवाईंबरोबर सात मुस्लिम स्त्रिया तलाकच्या प्रश्नावर विधानभवनावर चालून गेल्या, हे आपण प्रत्येक कार्यक्रमात सांगतो. त्या सातजणींची नावं इथं बसलेल्यांपैकी किती जणांना सांगता येतील? हात वर करू नका. हे काम कुठल्या तरी कॉलेजच्या मुलींच्या गटाला द्या. आणि मुलींचा ग्रुप असेल तर ॲडमिन मुलगीच ठेवा. कार्यकर्ता भाई कितीही चांगला असला तरी त्यानं रात्री अकराला मेसेज टाकायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा.

फोन किती लागतात, असं सकाळी कुणी तरी विचारलं. चार मुलांत एक पुरतो, उलट तेच बरं, भांडत भांडत शोधतात. शाळा फोन आणू देत नसेल तर मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, रविवारी मोहल्ल्यातल्या वाचनालयात बसा. वाचनालय नसेल तर कुणाच्या तरी ओट्यावर. सुरुवातीला पाच मुलं येतील, त्यातली दोन वायफायसाठी. चालेल.

माझी वेळ संपली, चहा आलेला दिसतोय. चहानंतर चार-चारचे गट करा आणि आपापल्या फोनमधला एकेक फॉरवर्ड काढा. पहिला माझ्या फोनमधला घेऊ. सकाळीच आलाय, पाठवणारे माझे सख्खे मामू आहेत, आणि त्यांना कुणी पाठवला ते विचारायला मी त्यांना आत्ता फोन लावणार आहे.